वन्यप्राण्यांची नवलाई: फॉरवर्डमध्ये अर्धीच येते, उरलेली इथे लिहूया

खाजणकर

सोसायटीच्या, शाळेच्या, ऑफिसच्या ग्रुपवर ‘तुम्हाला हे माहीत आहे का?’ ही यादी फिरतच असते. ऑक्टोपसला नऊ मेंदू, एक शार्क ५०० वर्षं जगतो, वॉम्बॅटची लेंडी चौकोनी, हंस एव्हरेस्टवरून उडतात. यातलं काही खरं, काही फुगवलेलं, आणि ‘हे होतं कसं’ ते कुठेच लिहिलेलं नसतं. मला तरी सगळं नवल त्या ‘कसं’मध्येच दिसतं. म्हणून हा धागा. एक प्राणी घ्या, त्याची अजब गोष्ट सांगा, पण ती कशी घडते, कुणी कशी तपासली, आणि मुंबईत बघण्यासारखी असेल तर कधी, कुठे आणि काय चुकतं, तेही लिहा. परदेशातले प्राणीही चालतील.

सुरुवात निवटीपासून. ऐरोली, विक्रोळी, गोराई, वसई, जिथे खाजण आणि चिखल आहे तिथे ही दिसते. मासा असूनही ओहोटीला ती पाण्याबरोबर मागे जात नाही. कल्ल्यांच्या पोकळीत पाणी धरून ठेवते आणि ओल्या कातडीतून, तोंडाच्या नि घशाच्या अस्तरातून हवेतला प्राणवायू घेते. मधूनमधून ती चिखलात कुशीवर लोळताना दिसते ते याचसाठी, कारण कातडी वाळली तर श्वास घेणं अवघड. डोळे माथ्यावर असतात. ते खालच्या ओल्या खोबणीत ओढून घेते आणि भिजवून परत वर काढते.

जमिनीवर घास गिळायचा कसा, हा माशापुढचा मोठा प्रश्न. पाण्यात मासे तोंड उघडून पाणी आत ओढतात आणि भक्ष्य त्याबरोबर आत जातं. हवेत हे जमत नाही, आणि घास मागे ढकलायला आपल्यासारखी स्नायूंची जीभही त्यांना नसते. २०१५ साली बेल्जियममधल्या संशोधकांनी आफ्रिकेतल्या एका निवटीचं अतिवेगवान चित्रीकरण केलं. ती तोंडात पाणी घेऊनच किनाऱ्यावर येते. भक्ष्यापाशी पोचली की ते पाणी किंचित बाहेर ढकलते आणि भक्ष्यासकट परत आत ओढते. जीभ पाण्याचीच! खाणं पाणी शोषणाऱ्या पृष्ठभागावर ठेवलं तेव्हा तिला ते पकडता आलं, पण गिळताना अडचण झाली.

बिळातला प्रकार तर याच्याही पुढचा. चिखलातल्या बिळातल्या पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतोच, आणि अंडी तर तिथेच घालायची. जपानमधल्या निवटीवर झालेल्या अभ्यासात दिसलं की बिळाच्या टोकाला वर वळलेली एक खोली असते आणि अंडी तिच्या छताला चिकटवलेली असतात. नर वर येऊन तोंडभर हवा घेतो आणि खाली जाऊन त्या खोलीत सोडतो. अशा असंख्य खेपा. आठवडाभरात अंडी तयार झाली की रात्रीच्या भरतीला तोच नर हवा तोंडाने उपसून बाहेर टाकतो, खोलीत पाणी भरतं आणि पाणी लागताच अंडी फुटतात.

आपल्याकडे दोन तऱ्हा सहज ओळखता येतात. निळसर ठिपक्यांची मोठी निवटी डोकं डावीउजवीकडे फिरवत चिखलावरचा सूक्ष्म शेवाळाचा थर खरवडते. लहान तपकिरी निवटी किडे आणि छोटे खेकडे पकडते. पाहिलेली निवटी डोकं फिरवते की झडप घालते, एवढ्यावरून कोणती ते कळेल.

मीनल_मुलुंड

छान धागा. भरती-ओहोटीचं गणित कुणी सोपं करून सांगेल का? तक्त्यात वेळ मिळते, पण कुठली ओहोटी चांगली ते कळत नाही. मुलांना घेऊन जायचं तर नेमका दिवस कसा निवडायचा? फ्लेमिंगोंसाठीही हीच वेळ धरायची का?

कातळ

मीनलताई, कोळीवाड्यातला जुना हिशोब सांगतो. त्या पक्षातली तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा. आली ती पूर्ण भरतीची अंदाजे वेळ. चतुर्थीला ३, अष्टमीला ६, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा. त्यानंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. प्रत्यक्षात वेळ अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होते, म्हणून निघण्याआधी तक्ता बघाच. भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते.

आता कुठली ओहोटी? पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं. पाणी खूप वर येतं आणि तितकंच खूप मागे जातं. मुंबईत पूर्ण भरती आणि पूर्ण ओहोटी यांत त्या दिवसांत ४ ते ५ मीटरचा फरक पडतो. अष्टमीच्या आसपास भांग असतो. ओहोटी भर दुपारी असली तरी पाणी फारसं मागे जात नाही, खडकांचा खालचा पट्टा उघडाच पडत नाही. तक्त्यात वेळेबरोबर उंचीचा आकडा असतो, लोक तो बघत नाहीत. किनाऱ्यावरच्या खडकांसाठी ओहोटीची उंची जितकी शून्याजवळ तितकं उत्तम. उधाणाच्या दिवसांत ही ओहोटी पहाटे-सकाळी नाहीतर संध्याकाळी सहा-सातला येते, त्यामुळे उन्हाचाही त्रास नाही.

पूर्ण ओहोटीच्या दीड तास आधी पोचा, पाण्यामागोमाग खाली उतरा, आणि घड्याळात ओहोटीची वेळ झाली की परत फिरा. हाजीअली, कार्टर रोड, जुहूच्या खडकांवर भरती समोरून न येता बाजूच्या चरांतून आधी शिरते आणि मागची वाट बंद करते. माणसं अडकतात ती यामुळेच. पकड असलेले बंद बूट हवेतच. उलटलेला दगड पुन्हा होता तसा ठेवा. त्याच्या खालच्या बाजूला चिकटलेले जीव उघड्यावर राहिले तर तासाभरात वाळून मरतात.

पाणपक्षी

फ्लेमिंगोंसाठी हीच वेळ धरलीत तर निराशा होईल. पूर्ण ओहोटीला ते शिवडीच्या किंवा ठाणे खाडीच्या चिखलावर दूरवर पांगलेले असतात, नुसती गुलाबी रेघ दिसते. पूर्ण भरतीला चिखल बुडतो आणि ते भांडुप, नेरूळकडच्या पाणथळींत विसाव्याला जातात. चांगली वेळ म्हणजे भरतीच्या आधीचे किंवा नंतरचे दोन-तीन तास. पाणी त्यांना किनाऱ्याकडे ढकलत आणतं तेव्हा. ऐरोलीच्या वनविभागाच्या केंद्रातून होड्या सुटतात त्याही भरतीच्या वेळा बघूनच. नोव्हेंबर ते मे हा मोसम. ठाणे खाडी २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ.

ओळखायची खूण चोचीत. चोच जवळजवळ सगळी गडद लाल-काळपट असेल तर छोटा फ्लेमिंगो. चोच गुलाबी आणि फक्त टोक काळं असेल तर मोठा. दोघांचं जेवण वेगळं आहे. छोट्याच्या चोचीतली गाळणी इतकी बारीक की तो निळं-हिरवं शेवाळ गाळून खातो. मोठ्याची गाळणी जाड, तो कोलंबीवर्गातले बारके जीव, किडे, शिंपले टिपतो. म्हणून एकाच चिखलावर दोघं भांडण न करता चरतात. गुलाबी रंग या खाण्यातल्या कॅरोटिनॉइड द्रव्यांचा. पिल्लं राखाडी असतात, चोचही सरळ असते. रंग चढायला दोन-तीन वर्षं जातात.

फ्लेमिंगो चोच उलटी धरून खातो हे सगळ्यांना माहीत असतं. २०२५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी चिलियन फ्लेमिंगोंवर त्यापुढचं दाखवलं. तो पायांनी तळ ढवळतो, डोकं झटक्यात वर ओढतो, चोचीची वेगाने उघडझाप करतो आणि या सगळ्यातून पाण्यात भोवरे तयार करतो. पळू पाहणारे जीव त्या भोवऱ्यांत अडकून चोचीकडे खेचले जातात. म्हणजे नुसती गाळणी नव्हे, चक्क शिकार.

एका पायावर उभं राहणं? फॉरवर्ड सांगतो, ‘ऊब टिकवण्यासाठी’. त्यात तथ्य आहे, थंडीत हे प्रमाण वाढलेलं दिसतं. पण २०१७ साली दोन अमेरिकी संशोधकांनी मेलेल्या फ्लेमिंगोंच्या शरीरावर चाचणी केली. पाय शरीराच्या मध्यरेषेखाली आणला की मृत पक्षीसुद्धा एका पायावर स्थिर उभा राहतो, स्नायूंचा काडीचा जोर न लागता. दोन पायांच्या ठेवणीत तो कोसळतो. झोपेत एका पायावर उभं राहणं त्याला दोन पायांवर उभं राहण्यापेक्षा स्वस्त पडतं. आणि पायाच्या मध्ये मागे वाकणारा जो ‘गुडघा’ दिसतो तो त्याचा घोटा. खरा गुडघा वर, पिसांत लपलेला असतो.

एक गोष्ट फारशी कुणाला ठाऊक नसते: फ्लेमिंगो पिल्लांना ‘दूध’ पाजतात. नर आणि मादी दोघंही. अन्ननलिकेच्या अस्तरातून हा चरबी-प्रथिनांचा लाल द्रव पाझरतो. त्यात आईबापांचाच रंग उतरतो, त्यामुळे पिल्लं वाढवताना मोठे पक्षी फिकट होत जातात.

ओंकार_दादर

माझे दोन प्रश्न, दोन्ही राणीच्या बागेतले. पाणघोड्याला रक्ताचा घाम येतो हे खरं का? आणि पेंग्विन बर्फाशिवाय कसे राहतात?

खाजणकर

ओंकार, पाणघोड्याच्या अंगावरचा तो लाल द्रव रक्त नव्हे आणि घामही नव्हे. कातडीतल्या ग्रंथींतून तो आधी बिनरंगी येतो, मग काही मिनिटांत लाल होतो आणि हळूहळू तपकिरी पडतो. २००४ साली जपानी रसायनशास्त्रज्ञांनी त्यातली लाल आणि केशरी अशी दोन द्रव्यं वेगळी काढली. दोन्ही सूर्याचे अतिनील किरण शोषतात आणि लाल द्रव्य जिवाणूंची वाढही रोखतं. सतत घाण पाण्यात बसणाऱ्या आणि एकमेकांना चावे घेणाऱ्या प्राण्याच्या जखमा चिघळत का नाहीत, त्याचं उत्तर यात असावं.

बागेतले पेंग्विन हम्बोल्ट जातीचे, २०१६ साली आले. ते मुळात बर्फातले नाहीतच. पेरू आणि चिलीच्या वाळवंटी किनाऱ्यावर राहतात, पक्ष्यांच्या विष्ठेच्या जाड थरात बिळं करतात. तिथला समुद्र थंड प्रवाहामुळे गार, पण जमीन तापते. म्हणून चोचीभोवतीचा चेहरा पिसांविना, गुलाबी. उष्णता तिथून बाहेर पडते. मुंबईत त्यांना अडचण येते ती दमट उकाड्याची, म्हणून दालन १६ ते १८ अंशांवर ठेवतात. बर्फ लागतो हा समज अंटार्क्टिकाच्या चित्रांमुळे झाला.

निशाचर

बिबट्यावर लिहितो. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान जेमतेम १०४ चौरस किलोमीटर, चहूबाजूंनी शहर, आणि आत बिबटे. मोजतात कसे? प्रत्येक बिबट्याच्या अंगावरच्या ठिपक्यांची ठेवण वेगळी असते. पण त्याच प्राण्याची डावी आणि उजवी बाजूही सारखी नसते. एकच कॅमेरा लावला आणि आज डावी बाजू, उद्या उजवी मिळाली, तर एक बिबट्या दोन म्हणून मोजला जाईल. म्हणून पायवाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर जोडीने कॅमेरे लावतात, गुडघ्याच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून ४०-४५ सेंटिमीटर. अगदी नाकासमोर नाही, किंचित तिरके. नाहीतर एकाचा फ्लॅश दुसऱ्याच्या भिंगात जातो आणि दोन्ही फोटो पांढरे. समोरचं गवतही कापावं लागतं. पातं हललं की कॅमेरा आपोआप फोटो काढतो आणि सकाळपर्यंत कार्ड गवताच्या फोटोंनी भरलेलं.

काळा बिबट्या, म्हणजे ‘ब्लॅक पँथर’, वेगळी जात नाही. तो बिबट्याच, रंगद्रव्य जास्त असलेला. बिबट्यात हा गुण अप्रभावी आहे, आई आणि बाप दोघांकडूनही यावा लागतो. त्यामुळे दोन नेहमीच्या रंगाच्या बिबट्यांना काळं पिल्लू होऊ शकतं. दक्षिण अमेरिकेतल्या जॅग्वारमध्ये नेमकं उलटं, तिथे हा गुण प्रभावी, एकाकडून आला तरी पुरे. ठिपके काळ्याच्याही अंगावर असतातच. मलेशियात जवळजवळ सगळे बिबटे काळे, मग मोजायचे कसे हा पेच होता. संशोधकांनी कॅमेऱ्याचा प्रकाश ओळखणारा भाग झाकून टाकला. कॅमेऱ्याला दिवसाही रात्र वाटली, तो अवरक्त प्रकाशात फोटो काढू लागला आणि काळ्या कातडीवरचे ठिपके स्पष्ट उमटले. साधा उपाय, पण सगळी मोजणी त्यावर उभी राहिली.

डोळे चमकण्याबद्दल. मांजरवर्गीयांच्या डोळ्यांच्या मागे परावर्तक थर असतो. दृष्टिपटलातून निसटलेला प्रकाश त्यावरून परत फिरतो आणि पेशींना दुसरी संधी मिळते. हा प्रकाश जिथून आला तिथेच परत जातो, म्हणून टॉर्च कमरेजवळ धरला तर काहीच चमकत नाही. टॉर्च कानशिलाला लावून, नजरेच्या रेषेत धरा. बघायला जंगलात जायची गरज नाही, रात्री उद्यानात प्रवेशही नसतो. पावसाळ्यात सोसायटीच्या गवतावर असा टॉर्च फिरवा. हिरवट-पांढरे बारीक ठिपके चमकतील. ते ‘लांडगा कोळी’ (वुल्फ स्पायडर) या कीटकभक्षी कोळ्यांचे डोळे.

मीनल_मुलुंड

मुलुंडच्या डोंगराकडच्या इमारतींत पावसाळ्यात तो प्रचंड अ‍ॅटलस पतंग भिंतीवर बसलेला सापडतो. लोक साखरपाणी ठेवतात. ते बरोबर आहे का?

निशाचर

साखरपाण्याचा काहीच उपयोग नाही, मीनलताई. प्रौढ अ‍ॅटलस पतंगाला खाण्याजोगं तोंडच नसतं. अळी असताना साठवलेल्या चरबीवर तो आठवडा-दोन आठवडे जगतो. पंखांचा पसारा २४ सेंटिमीटरपर्यंत, पण एवढं मोठं शरीर फक्त जोडीदार शोधण्यासाठी. म्हणून तो हलायचंही टाळतो, प्रत्येक फडफडीत साठा कमी होतो. मादी एका जागी बसून गंध सोडते. नराच्या मिशा रुंद, पिसांसारख्या असतात, त्यांनी तो गंध दुरून टिपतो. मिशा अरुंद असतील तर मादी.

तो भिंतीवर का अडकतो? रात्रीच्या दिव्यामुळे. म्हणून करायचं ते एवढंच: तो दिवा रात्री बंद ठेवा. उन्हात किंवा जिन्यात पायाखाली येणाऱ्या जागी असेल तर संध्याकाळी त्याच्या पुढच्या पायांसमोर फांदी धरा, तो आपण होऊन चढेल, मग झाडावर ठेवा. पंख धरून उचलू नका. डब्यात ठेवलात तर त्याच्या थोड्या रात्रींतल्या एक-दोन फुकट जातात. पंखांच्या वरच्या टोकाला सापाच्या डोक्यासारखी आकृती असते, डिवचलं की तो ती हलवतो.

खाजणकर

चिखलावरच्या फिडलर खेकड्याबद्दल लिहायचं राहिलं होतं. नराची एक नांगी अवाढव्य, काही जातींत शरीराच्या वजनाच्या निम्म्यापर्यंत. तिने खाता येत नाही, खायला फक्त दुसरी, बारकी नांगी. मादीला दोन्ही बारक्या, म्हणजे नराचं खाणं निम्म्या वेगाने चालतं. मोठी नांगी हलवून मादीला बोलवायचं आणि दुसऱ्या नरांना हुसकायचं. मारामारीत ती तुटली तर नवी येते, आकाराने तेवढीच, पण हलकी, दात कमी आणि पकड कमजोर. गंमत अशी की समोरच्या नराला हा फरक बघून कळत नाही. कमकुवत नांगीचा नर नुसत्या देखाव्यावर बिळं राखून असतो. प्रत्यक्ष झोंबाझोंबी झाली तरच उघडा पडतो.

बघताना काय चुकतं: आपण उभे राहतो. या खेकड्यांचे डोळे दांड्यांवर असतात आणि त्यांच्या क्षितिजरेषेच्या वर जे हलेल ते शत्रू, असा त्यांचा साधा नियम. जमिनीलगत बसा, १०-१५ मिनिटं हात-मान हलवू नका, की सगळा चिखल पुन्हा जागा होतो. फोटोसाठी हात वर केला की परत सगळे बिळात.

ओंकार_दादर

आता ऑक्टोपसचे नऊ मेंदू? आणि त्या मँटिस कोळंबीबद्दलही. ‘माणसाला न दिसणारे लाखो रंग बघते आणि गोळीच्या वेगाने ठोसा मारते’ असा एक व्हिडिओ फिरतोय.

कातळ

ऑक्टोपसचा मेंदू एकच. मात्र त्याच्या सुमारे ५० कोटी मज्जापेशींपैकी जवळपास दोन-तृतीयांश आठ हातांत पसरलेल्या असतात, आणि प्रत्येक हात स्पर्श-चवीचे पुष्कळसे निर्णय मध्यवर्ती मेंदूला न विचारता घेतो. त्याचेच ‘नऊ मेंदू’ झाले. हृदयं मात्र खरोखरच तीन. दोन कल्ल्यांसाठी, एक उरलेल्या शरीरासाठी. पोहताना हे तिसरं थांबतं, म्हणून ऑक्टोपस पोहायचा कंटाळा करतो आणि तळावरून सरपटतो. रक्त निळं, कारण प्राणवायू वाहणाऱ्या प्रथिनात लोहाऐवजी तांबं. आणि रंग बदलण्यात इतका तरबेज हा प्राणी, त्याच्या डोळ्यात रंगग्राही पेशींचा एकच प्रकार असतो! आपल्याला असते तशी रंगदृष्टी त्याला नाही. मुंबईच्या खडकांवरच्या डबक्यांतही छोटे ऑक्टोपस असतात. डबक्याच्या तोंडाशी खेकड्यांच्या रिकाम्या कवचांचा ढीग दिसला तर जवळपास त्याचं घर असू शकतं.

मँटिस कोळंबीत १२ ते १६ प्रकारचे प्रकाशग्राहक असतात हे खरं. आपल्याला रंगासाठी तीनच. पण २०१४ साली तिला रंग ओळखायला शिकवून चाचणी घेतली तेव्हा जवळजवळचे रंग वेगळे काढण्यात ती आपल्यापेक्षा खूपच कमी पडली. आपला मेंदू तीन संकेतांची तुलना करून रंग ठरवतो. ती बहुधा तुलनेच्या भानगडीत पडतच नाही, कुठला ग्राहक पेटला ते बघून झटपट निर्णय घेते.

ठोशाचा वेग २००४ साली मोजला गेला, सेकंदाला सुमारे २३ मीटर. गोळीच्या आसपासही नाही, पण पाण्यात हा वेग भयंकर आहे. स्नायू इतके जलद आकसूच शकत नाहीत. ते आधी सावकाश कवचातली खोगिराच्या आकाराची स्प्रिंग दाबून ठेवतात, खिट्टी सुटते आणि साठलेली ऊर्जा एकदम बाहेर पडते. वेगामुळे पाण्यात बुडबुडे तयार होऊन फुटतात, तो दुसरा तडाखा. शंखाला एका ठोशात दोन मार. मात्र हा पराक्रम हातोडीवाल्या जातींचा. मुंबईच्या मच्छीमारांच्या जाळ्यात भरपूर येतात त्या प्रामुख्याने भालेवाल्या. त्या काटेरी पायाने मऊ भक्ष्य भोसकतात आणि त्यांचा वेग बराच कमी. जाळ्यातून काढताना शेपटीच्या बाजूनेही बोट कापतं, तिथले काटे धारदार असतात.

दोन प्राण्यांना मात्र हात लावू नका. पहिला शंकूच्या आकाराचा, नक्षीदार शंख. गोगलगायच ती, पण दाताची पोकळ विषारी सुई करून भक्ष्याला मारते. बहुतेक जाती समुद्री कृमी आणि दुसऱ्या गोगलगायी खातात, काही मासेही. मोकळा वाटणारा शंख मोकळा नसतो, आणि सुई बाजूच्या बोटापर्यंत पोचते. अशाच एका जातीच्या विषावरून बनवलेलं वेदनाशामक अमेरिकेत २००४ साली मंजूर झालं. ते थेट मज्जारज्जूभोवतीच्या द्रवात सोडतात. दुसरी एक जात पाण्यात चक्क इन्सुलिन सोडून माशांची साखर पाडते आणि सुस्त झालेला मासा गिळते. हे २०१५ मधलं संशोधन.

दुसरा प्राणी ब्लूबॉटल. पावसाळ्यात, विशेषतः ऑगस्टच्या सुमारास, जुहू, गिरगावच्या वाळूवर निळे फुगे येऊन पडतात. लोक जेलीफिश म्हणतात, पण ती एकमेकांना जोडलेल्या अनेक जिवांची वसाहत आहे. तरंगणारा भाग, पचवणारा, डंख मारणारा, प्रजनन करणारा, सगळी कामं वेगवेगळ्या घटकांकडे वाटलेली. फुग्यातल्या हवेत कार्बन मोनॉक्साइडही असतो, तो तिची ग्रंथी स्वतः बनवते. फुग्यावरचं शीड काहींचं डावीकडे तिरकं, काहींचं उजवीकडे. एका वाऱ्यात निम्म्या एकीकडे जातात, निम्म्या दुसरीकडे, त्यामुळे सगळ्या एकाच किनाऱ्यावर फेकल्या जात नाहीत.

वाळूवर मेलेल्या ब्लूबॉटलचेही धागे डंख मारतात, कारण डंखपेशी स्पर्शाने आपोआप उडतात. डंख झाला तर चोळू नका, वाळू लावू नका, गोडं पाणी ओतू नका. या तिन्हींनी न उडालेल्या पेशीही उडतात. धागे चिमट्याने उचलून काढा, समुद्राच्याच पाण्याने धुवा, मग सोसवेल इतक्या गरम, सुमारे ४५ अंशांच्या पाण्यात तो भाग २० मिनिटं ठेवा. उष्णतेने विष निष्प्रभ होतं. श्वासाला त्रास, छातीत दुखणं, अंगभर पित्त अशी काही लक्षणं दिसली तर थेट रुग्णालय.

ओंकार_दादर

मस्त. शार्क आणि वॉम्बॅट मी वाचून आलोय, ते माझ्याकडून.

ग्रीनलँड शार्कचं वय मोजणं कठीण होतं, कारण त्याला वलयं उमटतील असे कठीण काटेच नाहीत. २०१६ साली संशोधकांनी २८ शार्कच्या डोळ्यांची भिंगं घेतली. भिंगाचा गाभा जन्माआधी तयार होतो आणि पुढे बदलत नाही, त्यातल्या किरणोत्सारी कार्बनवरून वय काढलं. सर्वांत मोठी मादी ५ मीटरची, अंदाज ३९२ वर्षं, पण १२० वर्षं कमी-जास्त. म्हणजे किमान २७२. फॉरवर्डवाल्यांनी वरचं टोक, ५१२, तेवढं उचललं. किमान आकडा धरला तरी पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांत तो सर्वांत दीर्घायुषी ठरतो. पिल्लं व्हायची तर मादीचं वय सुमारे १५० वर्षं व्हावं लागतं. जाळ्यात सापडलेल्या एका मोठ्या मादीची जागा भरायला काय लागतं ते यावरून कळेल.

वॉम्बॅट हा ऑस्ट्रेलियातला बिळात राहणारा प्राणी. त्याची घनाकार लेंडी खरी, गुदद्वार मात्र गोलच. रस्त्यावर मेलेल्या वॉम्बॅटच्या आतड्यात फुगा फुगवून २०१८ साली बघितलं, तर शेवटच्या भागाची भिंत सगळीकडे सारखी ताठ नाही. काही पट्टे कडक, काही सैल. कडक पट्टे जलद आकसतात, सैल सावकाश, आणि तिथेच पाणी शोषलं जाऊन लेंडी सुकत असते, त्यामुळे कडा पडतात आणि टिकतात. वॉम्बॅट दगडांवर, ओंडक्यांवर लेंड्या ठेवून हद्द सांगतो. त्या घरंगळू नयेत हा त्यामागचा अंदाज.

पाणपक्षी

मग एव्हरेस्टवाला हंस माझ्याकडे. पट्टकादंब हिमालय ओलांडतो हे पक्कं, पण उपग्रह ट्रान्समीटर बसवलेल्या पक्ष्यांत नोंदलेली सर्वाधिक उंची ७,२९० मीटर. एव्हरेस्ट ८,८४८. बहुतेक प्रवास याहून खाली, खिंडींतून, जमिनीच्या चढ-उतारांना धरून चालतो. उंची एकदा गाठून टिकवण्यापेक्षा दरीत उतरून पुन्हा चढणं त्याला कमी खर्चाचं पडतं, कारण विरळ हवेत पंख मारण्याचा खर्च झपाट्याने वाढतो. त्याचं हिमोग्लोबिन कमी प्राणवायूतही तो घट्ट पकडतं.

लांब पल्ल्यात गॉडविट हा चिखलात चरणारा लांब चोचीचा पक्षी सगळ्यांना मागे टाकतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये पाच महिन्यांचं एक पिल्लू अलास्काहून टास्मानियाला ११ दिवसांत १३,५६० किलोमीटर उडालं, एकदाही न उतरता. निघण्याआधी या पक्ष्यांच्या वजनात निम्म्याहून अधिक चरबी असते, आणि आतडी-यकृतासारखे वाटेत न लागणारे अवयव लहान होतात. पोचल्यावर ते पुन्हा वाढतात. म्हणून जिथून निघायचं तिथला चिखल भरपूर खाणं देणारा असावाच लागतो. गॉडविट ठाणे खाडीतही हिवाळ्यात असतात.

सप्टेंबर-ऑक्टोबरात मुंबईच्या मोकळ्या मैदानांवर पिवळसर-केशरी चतुरांचे थवे उडताना दिसतात. मागच्या पंखांचा बुडखा रुंद, क्वचितच बसतात, बसले तर फांदीला उभे लटकतात. तोच हा जगप्रवासी. मालदीवमध्ये राहणाऱ्या एका जीवशास्त्रज्ञाने २००९ साली मांडलं की हे चतुर भारतातून समुद्रावरून पूर्व आफ्रिकेला जातात. मालदीवच्या बेटांवर गोड्या पाण्याची तळी जवळजवळ नसताना ऑक्टोबरात लाखो चतुर येत होते, तोच धागा पकडून. उंचावरचा ईशान्येचा वारा त्यांना वाहून नेतो. एकच चतुर जाऊन परत येत नाही. पावसाच्या डबक्यात सहा-सात आठवड्यांत नवी पिढी तयार होते आणि पुढचा टप्पा तिचा. साधारण त्याच सुमारास अमूर ससाणे नागालँडमध्ये थांबून, भारत ओलांडून, अरबी समुद्रावरून आफ्रिकेला जातात. वजन जेमतेम दीडशे ग्रॅम. वाटेत ते या चतुरांवर ताव मारत असावेत असं मानलं जातं.

मीनल_मुलुंड

पाणपक्षी, खाडीवर पायात कडं असलेला पक्षी दिसला तर नेमकं काय टिपायचं आणि कुणाला कळवायचं?

पाणपक्षी

बीएनएचएसला, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला, फोर्टमधल्या हॉर्नबिल हाउसमध्ये. १८८३ पासूनची संस्था, देशातल्या बऱ्याच पक्ष्यांना तिनेच कडी घातली आहेत. टिपायचं असं: धातूचं कडं की रंगीत झेंडी, कुठल्या पायात, पक्ष्याचा डावा-उजवा धरून, तुमचा नव्हे. मधल्या सांध्याच्या वर की खाली. झेंड्या दोन असतील तर वरून खाली रंगांचा क्रम, कारण रंगांवरून देश कळतो. अक्षरं-आकडे वाचता आले तर उत्तम. मग ठिकाण, तारीख, वेळ, सोबतच्या थव्याचा आकडा.

सगळ्यात जास्त घोळ डाव्या-उजव्यात होतो, विशेषतः पक्षी समोर तोंड करून उभा असताना, आणि आरशासारख्या उलटवलेल्या फोटोत. म्हणून मूळ फोटो न कापता, न फिरवता पाठवा. धूसर असला तरी पाठवा, रंगांच्या क्रमावरूनही पक्षी सापडतो. अक्षरं वाचायला जवळ जायचा प्रयत्न करू नका. थवा उडाला की त्याने ओहोटीत चरून कमावलेली चरबी तिथेच खर्च होते. त्यापेक्षा भरती चढत असताना एका जागी बसून राहा, पाणी पक्ष्यांना तुमच्याकडे आणेल.